घरात गाणे, वहीत गणित

"डोके चांगले आहे हो त्याचे, पण सगळा वेळ गाण्यात जातो." हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. एखादे वेळी शेजारणीजवळ बोललाही असाल. मुलगा गणितात हुशार असला की त्याचा तबला बंद करायचा आणि मुलगी गाण्यात रमली की तिला गणित जमायचे नाही असे आधीच ठरवून टाकायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. जणू डोक्यात दोनच खोल्या आहेत आणि एकीचे दार उघडले की दुसरीचे लावावेच लागते!

मी उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावात राहते आणि जवळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. दरवर्षी नववीची परीक्षा संपली की बऱ्याच घरांतल्या पेटीवर खोळ चढते. "बाई, यंदा दहावी. आता गाणे पुढच्या वर्षी." ते पुढचे वर्ष काही येत नाही. दहावीनंतर बारावी, बारावीनंतर आणखी काही, मग लग्न. पेटी माळ्यावर जाते ती जातेच.

म्हणून मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला एका प्राध्यापकांची ओळख करून देणार आहे. त्यांचा विषय संगणकशास्त्र. पण त्यांच्या संशोधनातला एक भाग भूप, यमन अशा रागांविषयीचा आहे. त्यांचे नाव हरी वासुदेव सहस्रबुद्धे. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी त्यांच्या पत्नीचे गाणे रेडिओवर नक्की ऐकलेले असणार. त्या म्हणजे ग्वाल्हेर घराण्याच्या गायिका वीणा सहस्रबुद्धे.

कानपुरातले दोन प्रवाह

गोष्ट सुरू होते ती पुण्यात नव्हे, कानपुरात. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर हे नाव आपल्याला ठाऊक आहे. गाणे मोठ्या लोकांच्या दिवाणखान्यातून काढून साध्या गृहस्थांच्या मुलामुलींपर्यंत न्यायचे, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि शिष्यांना गावोगाव पाठवले. त्यांचेच एक शिष्य शंकर श्रीपाद बोडस १९२६ साली कानपूरला गेले आणि तिथेच गाणे शिकवत राहिले. त्यांच्या घरी १९४८ साली वीणाताईंचा जन्म झाला. वडील गुरू, थोरले बंधू काशिनाथ बोडस हेही गुरू. लहानपणी त्या कथकही शिकल्या.

त्याच कानपुरात १९५९ साली आय.आय.टी. सुरू झाली. अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांचे साहाय्य तिला होते. १९६३ साली तिथे मोठा संगणक आला आणि मुलांना संगणकाचे शिक्षण पद्धतशीर मिळू लागले. देशातल्या बहुतेक महाविद्यालयांत तेव्हा हा शब्दही पोचला नव्हता. सहस्रबुद्धे सर या संस्थेत संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे ते पुणे विद्यापीठात आले आणि त्यानंतर मुंबईच्या आय.आय.टी.तही त्यांनी शिकवले. संगणकाचे शिक्षण आपल्या देशात रुजत होते त्या काळात ज्यांनी पिढ्या घडवल्या, त्यांच्यापैकी हे एक.

एकाच शहरात एकीकडे तंबोरा आणि दुसरीकडे यंत्र. दोन्ही एका घरात आले तेव्हा काय झाले, ते पाहण्याआधी या यंत्राची थोडी ओळख करून घेऊ.

सोलापूरच्या चादरीपासून सुरुवात

तुम्ही म्हणाल, "संगणक आमच्या डोक्यावरून जातो, बाई." मुळीच नाही. सोलापूरची चादर घरात आहे ना? तिच्यावरची नक्षी जॅकार्ड मागावर निघते. या मागाच्या मूळ पद्धतीत भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ असते. जिथे भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. नक्षी आधी पुठ्ठ्यावर उतरते आणि मग कापडावर. फ्रान्समध्ये जॅकार्ड नावाच्या माणसाने ही युक्ती १८०४ च्या सुमारास काढली. संगणकाला सुरुवातीच्या काळात काम सांगत ते असेच, भोके पाडलेल्या कार्डांवरून.

आणि यातली गंमत ऐका. यंत्र पुढे कधी तरी संगीतही रचू शकेल, हे लिहून ठेवले ते एका स्त्रीने. इंग्लंडच्या एडा लव्हलेस या बाईंनी १८४३ साली बॅबेजसाहेबांच्या नियोजित गणनयंत्रावर टिपणे लिहिली. तेव्हा त्यांचे वय २७, आणि पदरात तीन मुले. यंत्र कागदावरच होते, कधी पुरे झालेच नाही. पण बाईंनी ओळखले की ते आकड्यांपुरते राहणार नाही. स्वरांचे आपसातले नाते नेमक्या नियमांत मांडता आले, तर यंत्र संगीतही रचेल. आणि त्या यंत्राच्या कामाला त्यांनी उपमा कशाची दिली असेल? जॅकार्डच्या मागावर विणल्या जाणाऱ्या फुलापानांची!

आता सगळा प्रश्न त्या "तर"चा आहे. स्वरांचे नाते नियमांत मांडायचे कसे?

पिठले, झुणका आणि राग

राग म्हणजे स्वरांची यादी, असे आपल्याला वाटते. पण भूप घ्या. त्यात सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर. देसकार घ्या, त्यातही हेच पाच. तरी जाणत्याला क्षणात कळते की हा भूप आणि हा देसकार. मारवा, पूरिया आणि सोहनी या तीन रागांचेही तसेच, स्वर तेच आणि राग वेगळे.

आपल्याला स्वयंपाकघरात हे रोज दिसते. बेसन, कांदा, मिरची, फोडणी तीच. पण एकीकडे पिठले होते आणि दुसरीकडे झुणका. फरक पडतो तो काय आधी, काय नंतर, किती पाणी आणि कुठे थांबायचे यात. भूपात गाणारा पुन्हा पुन्हा गंधारापाशी येतो, देसकारात धैवताशी रेंगाळतो. आमच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. नाव चालवणारी माणसे त्यांना इतक्या लांबून ओळखतात की रंगही नीट दिसत नसतो. विचारले तर सांगतात, "चालीवरून कळतंय की!" रागाची ओळखही चालीवरूनच पटते.

सहस्रबुद्धे सरांनी नेमकी ही चाल धरली. पुणे विद्यापीठात असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष गायनवादनातून ७५ रागांची माहिती जमवली. कोणत्या स्वरानंतर कोणता स्वर आला, याचा हिशेब मांडला. त्यांना दिसले ते असे की गाणारा पुढचा स्वर कोणताही घेत नाही. आधीच्या थोड्या स्वरांवर तो अवलंबून असतो. या हिशेबावरून प्रत्येक रागाचा एक नकाशा तयार झाला. इथे उभे असाल तर इथून या दोन वाटा आहेत, ही मोठी, ती लहान, तिसरीकडे जायचेच नाही. या नकाशावरून संगणक त्या रागातल्या नव्या स्वरपंक्ती काढू लागला. त्यांतल्या काही तर जाणकार गवयाच्या स्वरपंक्तींशी चकित व्हावे इतक्या जुळत. हे काम १९९२ साली विद्वानांपुढे आले. आपल्याकडे घरोघरी संगणक यायला तेव्हा पुष्कळ वेळ होता.

घरी करून पाहा

हे अवघड वाटत असेल तर दुपारची आवराआवर झाल्यावर एक वही घ्या. मुलांनाही बसवा. खाली भूपाची एक सोपी स्वरपंक्ती मी देते, पंधरा स्वरांची.

सा रे ग रे ग प ग प ध प ग रे ग रे सा

आता प्रत्येक स्वरानंतर कोण आले ते मोजा. साच्या पुढे एकदा रे. रेच्या पुढे तीनदा ग आणि एकदा सा. गच्या पुढे तीनदा रे आणि दोनदा प. पच्या पुढे दोनदा ग आणि एकदा ध. धच्या पुढे एकदा प. एकूण बेरीज १४, म्हणजे हिशेब बरोबर.

काय दिसले? ग पाच वेळा आला. रेकडून आणि पकडून वाटा त्याच्याकडेच वळतात. भूपाचा वादी स्वर गंधार असे पुस्तकात वाचून मुले पाठ करतात. इथे ते त्यांना स्वतः मोजून सापडले! आता हाच तक्ता समोर ठेवून मुलांना नवी पंक्ती रचायला सांगा. अट एकच, तक्त्यात नसलेली वाट घ्यायची नाही. जी पंक्ती तयार होईल ती पेटीवर वाजवून पाहा. भूपाची थोडी तरी छाया तिच्यात येईलच. गणिताचा तास आणि गाण्याचा तास असे एकाच चटईवर होऊन जातात. मोठ्या अभ्यासात हेच काम शेकडो पानांवर करायचे असते, म्हणून संगणक लागतो.

यंत्राला काय उमगत नाही

मग गवयांची गरज संपली का? अहो, तसे असते तर हा लेख मी लिहिलाच नसता. नकाशा म्हणजे प्रवास नव्हे. गंधारावरून पंचमावर जाताना गळा जी मींड घेतो, एका स्वराला दुसऱ्याचा जो हलका स्पर्श होतो, समेच्या आधी जो श्वास थांबतो, ते स्वरलिपीच्या कागदावर पुरते उतरत नाही. कागदावर जे नाही ते तक्त्यात कसे येणार?

कानपूरच्याच आय.आय.टी.तल्या विद्यार्थ्यांनी २००३ साली राग ओळखणारी एक आज्ञावली तयार केली. तिचे नाव त्यांनी कौतुकाने तानसेन ठेवले. तिच्यासमोर यमन कल्याण आणि भूपाली असे दोनच राग होते. दोघांपैकी कोणता, एवढेच सांगायचे. तेही तिला शंभरात ८७ वेळा जमले, आणि एवढे जमले ते रागाची पकड तिला वेगळी शिकवल्यावर. नियमित ऐकणारी एखादी आजी पोळ्या लाटता लाटता दुसऱ्या खोलीतून सांगते, "यमन लागलाय वाटतं." आता यंत्रे पुष्कळ पुढे गेली आहेत, फोनवर गाणे रचूनही देतात. पण यंत्राला काय साधते आणि काय निसटते, हे शोधताना आपलेच गाणे आपल्याला जास्त कळते, हा या अभ्यासाचा खरा लाभ.

गणिताच्या माणसांना गाण्याची ओढ असणे हे काही एकाच घरात घडलेले नाही. अमेरिकेतले डोनाल्ड कनूथ हे संगणकशास्त्रातले ऋषितुल्य प्राध्यापक. त्यांच्या आज्ञावलीशास्त्रावरच्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली निघाला. त्यांनी घरात पाइप ऑर्गन बसवला, आणि ऑर्गनसाठी रचलेली त्यांची मोठी संगीतकृती २०१८ साली, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, स्वीडनमध्ये पहिल्यांदा वाजली. आपल्याकडे बंगळुरूचे जी. राज नारायण हे इंजिनिअर बासरीही वाजवत. १९७९ साली त्यांनी विजेवर चालणारा तंबोरा तयार केला. आज गाण्याच्या क्लासमध्ये पेटीशेजारी जी छोटी पेटी "सा-प" धरून बसते, तिची ती सुरुवात.

तिचे गाणे, त्याची नोकरी

आता आपल्या, म्हणजे बायकांच्या, जिव्हाळ्याची गोष्ट. नवऱ्याची नोकरी जिथे, तिथे बायकोचा संसार. आणि त्या बदलीत तिचे शिक्षण, तिची कला कुठल्या तरी स्टेशनावर उतरून राहते. आपल्यातल्या किती जणींचे असे झाले, ते मोजायला संगणक नको.

म्हणून वीणाताईंच्या आयुष्यातल्या तारखा मी पुन्हा पुन्हा वाचल्या. १९६९ साली त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची संगीत अलंकार परीक्षा दिली. १९७२ साली आकाशवाणीच्या स्पर्धेत त्या पहिल्या आल्या. संसार आणि मुले सांभाळत १९७९ साली संस्कृत विषय घेऊन त्या एम.ए. झाल्या. मंडळाची संगीतातली डॉक्टरेट त्यांनी १९८८ साली मिळवली, म्हणजे वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर! पुण्यात आल्यावर एस.एन.डी.टी.च्या गायन विभागाची धुरा त्यांनी काही वर्षे सांभाळली. पुढे जिथे यंत्रांचे शिक्षण चालते त्या आय.आय.टी.तही त्यांनी संगीत शिकवले. देशात आणि परदेशांत मैफली केल्या, भजने गायली, बंदिशी रचल्या. २०१३ सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. शेवटी आजाराने गळा थांबला आणि २०१६ च्या जूनमध्ये पुण्यात त्या गेल्या.

बघा ना, बदली झाली म्हणून यातले काही सुटलेले दिसत नाही. घरातला एक माणूस गातो आणि दुसरा ते गाणे नुसते मान डोलावून ऐकत नाही, तर त्याचा अभ्यास करतो, त्यावर शास्त्र मांडतो. बायकोच्या कलेकडे "तिचा छंद" म्हणून न बघता "विषय" म्हणून बघणे, यापरता मान कोणता? प्रत्येक घरातल्या पुरुषाने रागांवर संशोधन करावे, असे कुणाचे म्हणणे नाही. पण संध्याकाळी तासभर ती रियाजाला बसली आणि तेवढा वेळ कुकरच्या शिट्ट्या त्याने मोजल्या, तर तेही गणितच नाही का?

एक ध्यानात घ्या. अलंकारची ती परीक्षा ज्या मंडळाची, त्याच मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षांना आपल्या लहान गावांतल्या मुली बसतात. सुरुवातीची पायरी सगळ्यांना सारखीच असते. पुढच्या पायऱ्या कुणी चढायच्या, हे बऱ्याचदा घरातली माणसे ठरवतात.

आपल्या काठावरची गाणी

उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. आमच्याकडची कितीतरी गावे उठून वरच्या माळावर गेली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की दिसते. तेव्हा म्हातारी माणसे तिथे जाऊन हात जोडतात. देऊळ निदान पाण्याखाली का होईना, आहे. पण जाती गेली, पिठाची गिरणी आली आणि जात्यावरच्या ओव्या कुठे गेल्या? त्या बुडाल्या तर कुठल्याही उन्हाळ्यात वर येणार नाहीत.

इथेही संगणकाने मदत केली आहे बरं का. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉईतवाँ या दोघांनी वर्षानुवर्षे खेडोपाडी हिंडून बायकांच्या ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल नावाचे फ्रेंच संगणकतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले. बेल यांनी त्याआधी लखनौच्या तबल्याच्या कायद्यांवर संगणकाने अभ्यास केलेला होता. एक लाखाहून अधिक ओव्या अशा रीतीने नोंदल्या गेल्या. ओवी, गाणारीचे नाव, गाव, सगळे जपून ठेवले गेले. "आमचं काय गाणं, बाई!" म्हणणाऱ्या हजारो बायकांची नावे आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संग्रहात गायिका म्हणून आहेत.

एवढे तुम्हीही करू शकाल. घरात सासूबाई, आजेसासूबाई, आत्या कुणी गाणारे असेल, तर सणाच्या आधीच्या निवांत दुपारी त्यांना म्हणायला लावा. फोनवर आवाज नोंदवून घ्या. पंखा आणि टीव्ही मात्र बंद ठेवा. आधी त्यांचे नाव, माहेरचे आणि सासरचे गाव, वर्ष त्यांच्याच तोंडून बोलून घ्या. शब्द नातवंडांकडून वहीत उतरवा आणि नोंद दोन ठिकाणी ठेवा, कारण फोन पडतो, हरवतो, पाण्यात जातो. घरात कुणी पेटी वाजवणारे असेल, तर त्या चालीचे स्वर लिहा आणि वर सांगितला तसा तक्ता करा. भजनी मंडळात एकच अभंग दोन गावच्या चालींत म्हणतात ना? दोन्ही तक्ते शेजारी शेजारी मांडून पाहा. कुठे वाट वेगळी झाली ते बोट ठेवून दाखवता येईल.

आणि दहावीच्या मुलांविषयी? मी शिक्षिका आहे, अभ्यास कमी करा असे सांगणार नाही. रोज वीस मिनिटे गाणे मात्र राहू द्या. परीक्षा पुढे ढकला हवी तर, रियाज थांबवू नका. स्वर मोजणारे आणि मात्रा धरणारे डोके अपूर्णांकाला भीत नाही, आणि कंटाळलेले डोके वीस मिनिटांत ताजे होते. शिवाय पुढे ते मूल संगणकाच्या मागे लागले, तर त्याला मोजण्यासारखे काहीतरी सुंदर आपण आधीच दिलेले असेल. माळ्यावर पेटी असेल तर ती या रविवारी खाली काढा, भाता तपासून घ्या, आणि पहिला सा तुम्हीच लावा.